खरकटे उचलणारे आम्ही

या मित्रांनो, असे जवळ सरका. काचेवर टकटक मात्र करू नका, पाण्यात ते फार मोठ्याने ऐकू येते. तुमच्या शाळेत येण्यापूर्वी मी कुठे होतो, ते आज सांगतो. कथा गोड नाही. पण ज्या देवाने नारिंगी मासा घडवला, त्यानेच मलाही घडवले आहे. तेव्हा माझे ऐकायला हरकत नसावी.

मी एक जुना समुद्री किडा आहे. बोटभर लांब, गुलाबी-तपकिरी, दोन्ही कडांना बारीक पांढऱ्या केसांची झालर. मत्स्यालयाचे शौकीन मला ब्रिसल वर्म म्हणतात. केस टोचतात हे खरे, पण हात लावलात तरच.

एका खडकाच्या भोकात बसून मी दातांच्या दवाखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत आलो. डॉक्टरांच्या आई टाकीशेजारच्या खुर्चीत बसून रुग्णांची नावे लिहून घेत. सगळे त्यांना आजी म्हणत. रडणारे मूल आले की त्या त्याच्या चिमटीत माशांचा खाऊ देत आणि पाण्यात सोडायला सांगत. मूल रडायचे विसरे. अर्धा खाऊ मासे खात, अर्धा तळाशी येई. तो आम्ही खात असू. खडकाखाली आमचे शंभर-दीडशे जणांचे बिऱ्हाड होते. नऊ वर्षे पाणी आरशासारखे राहिले, आणि कौतुक झाले फिल्टरचे. वाढणाऱ्याचे नाव होते, खरकटे उचलणाऱ्याला कोण विचारतो?

आजींचा जीव दोन नारिंगी माशांवर, थोरलीवर आणि धाकट्यावर. एके दिवशी त्या म्हणाल्या, "अरे, थोरली चार दिवस जेवत नाहीये."

"दात दुखत असेल. आत पाठव," डॉक्टर म्हणाले. रुग्ण गाल धरून हसले.

रविवारी दवाखाना बंद असताना थोरली गेली. आम्ही बाहेर आलो आणि आमचे काम सुरू केले. सोमवारी दिवा लागला तेव्हा तिचे कल्ले माझ्या तोंडात होते. नाकारत नाही.

किड्यांनीच मासा मारला, असे सांगायला डॉक्टरांनी टाकीवाल्याला फोन लावला. महिन्यातून एकदा पाणी बदलायला येणारा तो माणूस.

"थांबा डॉक्टर, आधी ओळख पटू द्या," तो म्हणाला. "अंग जाड, केसांच्या मुळाशी लाल झुबके, जिवंत पोवळं कुरतडतो, तो वाईट. तुमचे बारीक आहेत. मेलेलं आणि उरलेलंच खातात. गुरुवारी येऊन बघतो."

"गुरुवारपर्यंत दुसराही संपवतील. तुम्ही येऊ नका, मीच बघतो."

खडक ट्रेमध्ये आला. डॉक्टरांनी कपाळावरचा दिवा लावला, चिमटा घेतला आणि आम्हाला एकेक करून उपटून गोड्या पाण्याच्या वाडग्यात टाकले. गोडे पाणी आम्हाला आगीसारखे. दात काढण्यापूर्वी ते सुई देऊन बधिर करतात. आम्हाला काही दिले नाही. माझ्या आक्काचे तीन तुकडे झाले आणि तिन्ही वळवळत राहिले. माझा मागचा अर्धा भाग चिमट्यात गेला, पुढचा भोकात शिरला. डॉक्टरांच्या बोटांत आमचे केस घुसले आणि दोन दिवस त्यांना हत्यार धरता आले नाही. त्याचा मला आनंद झाला. देवाने क्षमा करावी.

पुढे मुले येत राहिली, खाऊ पडत राहिला. खाली तो कुजू लागला आणि पाणी विषारी झाले. धाकटा वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागला. त्याला श्वास पुरत नव्हता.

"भूक लागली गं बाई याला," आजी म्हणाल्या. "एकटा पडलाय बिचारा." आणि त्यांनी आणखी एक चिमूट टाकली.

मी अर्धा किडा. पोट फुटेस्तोवर खाल्ले. पण दीडशे जणांचे काम एकट्याने किती उरकणार? पाचव्या दिवशी धाकटा तळाशी आला. या वेळी मी त्याला तोंड लावले नाही.

महिन्याच्या फेरीला आलेल्या टाकीवाल्याने कुपीत टाकीचे पाणी घेऊन तपासणीचे थेंब टाकले. पाणी गडद हिरवे झाले, म्हणजे विष भरलेले.

"किडे कुठायत?"

"काढले."

"मग खालचं कोण खाणार होतं, तुम्ही?"

खोलीभर रुग्ण ऐकत होते. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. ते आईकडे वळले. "तुला किती वेळा सांगितलं, एवढं टाकू नकोस म्हणून. तूच मारलंस त्याला."

त्यांनी एकदाही सांगितले नव्हते.

आजींनी वही मिटली, खाऊचा डबा रुमालाने पुसला आणि कचऱ्याच्या टोपलीत अलगद ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत कुणी नवीच बाई होती. आठवड्याने टाकी उचलली गेली, आणि टाकीवाल्याने मला खडकासकट तुमच्याकडे आणले.

मित्रांनो, कुणाला मारण्यापूर्वी तो काय काम करतो, एवढे बघा. आणि त्या आजींची आठवण ठेवा. कुठे भेटल्याच तर त्यांना माझा निरोप सांगा: तुमच्या चिमटीत मायाच होती, ती झेलायला खाली आम्ही उरलो नव्हतो.