हेमसिंग किती गोल मारणार?

वाशीममध्ये हॉकीच्या बाबतीत शेवटचा शब्द पूनमचंद शेटजींचा, असं सारे मानत. सारे नाही तरी शेटजी स्वतः नक्कीच मानत. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. नागपूरला कॉलेजात असताना ते सेंटर फॉरवर्ड खेळले होते, आणि तिथं किती गोल ठोकले याचा आकडा दर दिवाळीला थोडा वाढत असे. आता चाळिशी उलटली होती, धोतराच्या गाठीवर पोट येऊन बसलं होतं; पण नजर अजून धारदार आहे, असा त्यांचा दावा होता.

म्हणून तर चोपन्न सालच्या हिवाळ्यात त्यांचा मावसभाऊ अजितकुमार मुद्दाम त्यांच्याकडे आला. अमरावतीच्या एका क्लबाचा तो सेक्रेटरी. क्लबाचा सेंटर फॉरवर्ड नोकरी लागून भुसावळला निघून गेला होता.

"भाऊ, तुमच्याकडचा हेमसिंग म्हणून कोणी पोरगा गाजून राह्यला म्हणे," तो म्हणाला. "आज तो किती गोल मारतो हे कोणीही सांगेल. पुढच्या आठ-दहा वर्षांत कुठवर जाईल, ते तुम्ही सांगा. रविवारी अकोल्याची टीम येते ना इथं? तेव्हा मीही बघतो."

शेटजींची छाती फुगली. त्या संध्याकाळपासून ते दुकान लवकर बंद करून जिनिंगमागच्या मैदानावर जाऊन बसू लागले.

हेमसिंग मंगरूळपीरकडच्या तांड्यावरचा, एकोणीस-वीस वर्षांचा उंचापुरा जवान. दिवसभर जिनिंगमध्ये कापसाचे बोजे उचलायचा आणि संध्याकाळी अनवाणी खेळायचा. त्याला तयार केलं होतं दौलतसिंगनं. दौलतसिंग फौजेतून निवृत्त झालेला, पलटणीच्या टीमचा एके काळचा गोलकीपर. त्याचा या पोरावर भारी जीव.

"पाह्यलं शेटजी?" दौलतसिंगनं मिशीवरून हात फिरवला. "तोफ हाय तोफ! रिसोडवर पाच चढवले, कारंजावर चार. हा हिंदुस्थानाकडून खेळन, लिहून घ्या."

"रिसोडच्या गोलकीपरवर तं माझी घरवाली भागिरथीबी गोल चढवन," शेटजी म्हणाले. "पोट्टा पयतो चांगला, मनगट चांगलं हाय. अंगात जोर अजून येईन. पन गोलापुढच्या डी मंदी शिरला का काय करते पाह्य. समोर गोल दिसते, अन् हा मान वर करते, इकडे-तिकडे पाह्यते. तेवढ्यात वकत गेला ना! गोल मारनाऱ्याले भूक पायजे, दौलतसिंग. ह्याले भूकच नाई."

"मंग तुमचं म्हननं काय?"

"चांगल्या टीमांपुढे एका मोसमात आठ-दहा गोल. त्याच्या वर हा जन्मात जाणार नाई."

दौलतसिंग दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही.

गावात अशी गोष्ट झाकून राहत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हेमसिंगच दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. आता हा भांडणार म्हणून शेटजींनी कापड मोजायचा गज बाजूला ठेवला. पण पोरगा शांत होता.

"शेटजी, तुमी जे म्हनता ते खरं हाय काय?"

"खरं हाय."

"मंग मी काय करू?"

शेटजींना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "गोल दिसला का मार. दुसऱ्याकडे पाहूच नको."

हेमसिंगनं बराच विचार केला. "पन दुसरा मोकळा असला तं? त्याले तं जास्त सोपं जाते."

"तरी तूच मार!"

"बरं," म्हणून तो गेला. पण त्याला ते पटलेलं नाही, हे शेटजींना दिसलं. 'तेच म्हणतो मी, भूक नाही,' ते मनाशी म्हणाले आणि पुन्हा कापड फाडू लागले.

रविवारी मैदानाभोवती जत्रा भरली. अकोल्याची मंडळी सकाळच्या गाडीनं आली होती, पायात बूट, अंगात एकसारखे सदरे. अजितकुमार खुर्ची टाकून बसला. बाया निंबाखाली सतरंजीवर बसल्या होत्या, त्यांत भागिरथीबाईही होत्या. आणि ऐन वेळी कळलं, की वाशीमचा इनसाइड लेफ्ट रामधन आलेलाच नाही. तो धनजला बहिणीकडे गेला होता आणि येताना मोटार वाटेत बंद पडली होती. टीममध्ये उरले दहा.

दौलतसिंगनं चारी बाजूंना पाहिलं आणि त्याची नजर शेटजींवर येऊन थांबली.

"तुमी उतरा."

"मी? येडा झाला काय?"

"नागपूरचे गोल आमी लय आयकले, शेटजी. एक डाव डोयानं पाहू द्या."

लोक हसले. शेटजींनी आधारासाठी निंबाखाली पाहिलं, तर भागिरथीबाईच तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "जा ना! इतके वर्सं घरात सांगून राह्यले, आता दाखवा तं."

आता माघार घेणं म्हणजे नाकच कापून घेणं. कोणाची तरी हाफपँट आणली. तिची बटणं पोटापुढे हरली, तेव्हा वरून मफलर बांधला. असे शेटजी मैदानात उतरले आणि टाळ्यांनी मैदान दणाणलं.

पहिल्या काही मिनिटांतच त्यांना ब्रह्मांड आठवलं. चेंडू एकीकडे, शेटजी दुसरीकडे, आणि श्वास तिसरीकडेच. एकदा चेंडू अगदी समोर आला. त्यांनी स्टिक अशी फिरवली, की चेंडू जागेवर राहिला आणि शेटजी बसले. अकोल्यानं तेवढ्यात एक गोल चढवला. मग हेमसिंग जवळून जाताना हळूच म्हणाला, "शेटजी, धावू नका. डीच्या डाव्या अंगाले उभे राहा, स्टिक खाली टेकवून. बस."

शेटजी मुकाट्यानं तसे उभे राहिले.

थोड्या वेळानं हेमसिंगला मधोमध चेंडू मिळाला. दोघांना चकवून तो डीमध्ये शिरला. गोलकीपर पुढे धावला. 'आता हा मान वर करणार,' शेटजींना वाटलं, आणि त्यानं केलीच. पण रोज काठावरून जे दिसत नव्हतं, ते आज पंधरा पावलांवरून दिसलं. हेमसिंगनं मान वर करून उजवीकडे पाहिलं, तसा गोलकीपर उजवीकडे झुकला, मागचे दोन्ही बॅक तिकडेच ओढले गेले, आणि चेंडू मात्र डावीकडे आला. येऊन शेटजींच्या टेकवलेल्या स्टिकवर अलगद थांबला, जसं मांजर मांडीवर येऊन बसावं. समोर गोल उघडा होता. शेटजींनी नुसता धक्का दिला.

निंबाखाली बाया उठून उभ्या राहिल्या. शेटजींना आनंदानं ओरडायचं होतं, पण आवाज फुटायला छातीत वारा उरला नव्हता.

दुसऱ्या हाफात तसाच चेंडू उजवीकडच्या मोहनसिंगला मिळाला आणि त्यानं तो आत घातला. अकोल्यानं बरोबरी केली. शेवटी शेवटी पुन्हा हेमसिंगची मान वर झाली, पुन्हा गोलकीपर फसला, पुन्हा शेटजींच्या स्टिकवर मांजर येऊन बसलं. वाशीम तीन, अकोला दोन. हेमसिंगचा एकही नाही.

पोरांनी शेटजींना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, पण वजन पाहून बाजेवर निजवलं. अजितकुमार जवळ आला.

"भाऊ, तुमचं तर कौतुकच! पण हेमसिंगचा भोपळा. तुमचा अंदाज बरोबर होता म्हणायचा."

दौलतसिंगचं तोंड उतरलं. शेटजींच्या गळ्यात झेंडूचा हार होता, अंदाजही खरा ठरला होता. नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. पण ते कोपरावर रेलून बसले.

"अंदाज तोच हाय, अजित. आठ-दहाच्या वर हा जाणार नाई. पन मले पाह्य. वीस वर्सं झाले, स्टिकले हात नाई लावला. धावता येत नाई, वाकता येत नाई. अन् अकोल्यावर दोन गोल! हे मी मारले काय? ह्याच्या बाजूले कोनाले बी उभं कर, तो गोल मारन. मी येडा, ह्या एकट्याचेच गोल मोजून राह्यलो होतो."

"पण मला गोल करणारा हवा होता."

"तुले गोल पायजे का गोल करनारा?"

अजितकुमारनं हेमसिंगला बोलावलं. "काय रे, डीमध्ये तू स्वतः का नाही मारला?"

हेमसिंगनं पायानं माती उकरली. "मारला असता तं गोलकीपरच्या पायाले लागला असता, साहेब. अन् शेटजीले कोनीच धरलं नव्हतं. ते गोल मारतीन असं कोनाले वाटलंच नाई ना."

सगळ्यात मोठ्यानं हसले ते शेटजी. हसताना बरगडीत कळ आली, तरी थांबले नाहीत.

फाल्गुनात हेमसिंग अमरावतीला गेला. क्लबानं त्याला एका तेलगिरणीत काम लावून दिलं. पुढच्या मोसमात त्याच्या नावावर नऊ गोल होते. त्याच्या दोन्ही बाजूंचे इनसाइड खेळाडू मात्र विदर्भभर गाजले, आणि क्लबानं प्रथमच मोठा चषक आणला.

त्या चषकाचा अंतिम सामना पाहायला शेटजी आणि दौलतसिंग जोडीनं अमरावतीला गेले होते. शेजारी बसलेला एक अनोळखी गृहस्थ सारखा कुरकुरत होता, "हा कसला सेंटर फॉरवर्ड? गोल तर मारतच नाही!" शेटजींना ते कसं सहन व्हावं? त्यांनी त्या माणसाचं मनगट धरलं आणि त्याला समजावायला सुरुवात केली. वाद असा पेटला, की हेमसिंगनं दिलेल्या चेंडूवर अमरावतीचा तिसरा गोल झाला, तेव्हा त्या तिघांत दौलतसिंग एकटाच उडी मारून उठला.