कागदावर नदी नसते

तिने नकाशा टेबलावर पसरला आणि लाल रेघेवर बोट ठेवून पलीकडच्या काठापर्यंत नेलं. मग निळ्या रेघेवरून. दोन्ही रेघा मुख्य केंद्रातून निघून नदीपलीकडच्या वस्तीत पोचत होत्या आणि मध्ये कुठेही एकमेकींना शिवत नव्हत्या. एक केबल तुटली तरी दुसरी चालू राहावी, एवढ्यासाठीच तर त्या दोन होत्या. खाली तिचीच सही होती.

फोनवर मुकादम होता, पुलाजवळून बोलत होता.

"मॅडम, पुलाची एक बाजू फुटपाथासकट खचलीय. लाल केबल गेली. पूल बंद केलाय, कुणाला सोडत नाहीत. निळी कुठून जाते तेवढं सांगा."

तिने निळ्या रेघेवर पुन्हा बोट ठेवलं.

"मॅडम?"

"त्याच नळीतून," ती म्हणाली.

मुकादमाने फक्त "बरं" म्हटलं. चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

चूक अगदी साधी होती आणि तेच जास्त लागत होतं. नकाशात केंद्र म्हणजे गोल, केबल म्हणजे रेघ. दोन रेघांच्या वाटेत एकही गोल सामाईक नसला की वाटा वेगळ्या धरायच्या, असा खात्याचा नियम. केबल जमिनीखालून, पुलाखालून ज्या नळ्यांतून जाते, त्या नळ्या नकाशात कुणी काढतच नसे. लाल रेघ बाजारातून, निळी गिरणीमागून. पण जवळपास पूल एकच, तेव्हा तिथे दोघी निमूटपणे एका नळीत शिरल्या होत्या. नियमाला धरून सगळं चोख होतं.

बाबांनी एकदा विचारलं होतं. ते जन्मभर लाइन तपासनीस होते आणि निवृत्तीनंतरही चष्मा पुसून पुसून तिचे नकाशे बघायचे.

"छान आहे गं. पण या दोघी नदी कशी ओलांडतात?"

"बाबा, कागदावर नदी नसते."

ते मनापासून हसले होते. पोरगी आपल्यापुढे गेली, असं शेजाऱ्यांना सांगत सुटले होते.

बाबा पलीकडच्या काठावर एकटे राहत. गेल्या वर्षी ते न्हाणीघरात पडले, तेव्हा तिने त्यांच्या गळ्यात एक बटण अडकवलं. ते दाबलं की तिच्या मोबाइलवर वेळेसकट नोंद येई. लाइन बंद असेल तर घरातलं यंत्र नोंदी साठवून ठेवी आणि लाइन आली की पाठवी. "गाईच्या गळ्यात घंटा बांधलीस," म्हणून त्यांनी थट्टा केली, पण बटण काढलं नाही.

सकाळी दहापासून पलीकडचं सगळं मुकं झालं होतं. मोबाइलचे टॉवरही याच दोन केबलींवर होते. दुसरा पूल पाच तासांवर. तिचा नवरा दुपारी गाडी घेऊन त्या पुलावरून बाबांकडे जायला निघाला होता, तो अजून वाटेतच होता. तिला जागचं हलता येत नव्हतं. खचलेल्या जागेवरून तात्पुरती केबल टाकल्यावर कुठली तार कुठे जोडायची ते तिलाच ठाऊक होतं, आणि ती फोनवरून एकेक रंग सांगत बसली होती.

चार वाजून वीस मिनिटांनी मुकादम म्हणाला, "जोडली, मॅडम. बघा आता."

मोबाइल वाजला. १०.१५. पुन्हा वाजला. १०.३०. १०.४५.

तिला आधी हसू आलं, मग डोळे भरले. लाइन गेली की दर पंधरा मिनिटांनी तपासायची, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. म्हातारा बटण दाबून लाइन तपासत बसला होता.

"काय झालं, मॅडम?"

"काही नाही. बाबा ड्यूटीवर आहेत."

११.००. ११.१५. नोंदी येत राहिल्या, एकीचाही ताल चुकला नव्हता. १२.४५. १.००.

मग १.०७. १.०८. १.०८. १.०९.

ती १.१५ च्या नोंदीची वाट बघत राहिली. मुकादम काहीतरी विचारत होता. तिने त्याचा फोन ठेवला आणि बाबांच्या घरचा नंबर लावला.

जरासुद्धा खरखर नव्हती. पलीकडे घंटा वाजत होती, आणि ती अगदी स्वच्छ ऐकू येत होती.