मिक्सर अंतिम फेरीत

नीळकंठ खानझोडे यांनी सोनागिरीजवळच्या कारखान्यात तपासणी खात्यात चौतीस वर्षं काढली. त्यांचं काम माल पास किंवा नापास करण्याचं होतं, पण लोकांच्या लक्षात फक्त त्यांचं नापास करणं राहिलं. नापास केलेल्या प्रत्येक जॉबला, म्हणजे तयार तुकड्याला, ते लाल चिठ्ठी बांधत आणि तिच्यावर कारण लिहीत. कारण न लिहिता नापास करणाऱ्याला ते आळशी म्हणत, आणि न बघता पास करणाऱ्याला चोर.

निवृत्तीनंतर ही सवय घरी आली. गॅसच्या सिलिंडरचं सील, वरणाची फोडणी, शेजारणीची रांगोळी, सगळ्याची तपासणी होऊ लागली. कमलिनीबाईंनी ते चालवून घेतलं. एका दुपारी त्या म्हणाल्या, मी एक गाणं केलंय, शब्द माझे आणि चालही माझीच, ऐकता का. नीळकंठराव पेपर वाचत होते. कमलिनीबाईंनी सुरुवात केली,

दुपार ढळली, सावली आली ओट्याच्या कडे,
कोण कुणाची वाट पाहते, दार जरासे उघडे.

“दुसरी ओळ ढिली आहे,” नीळकंठराव पेपरातून म्हणाले. “वाट कोण पाहतंय ते नक्की सांग.”

कमलिनीबाई “बरं” म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या. पुन्हा ते गाणं त्यांनी नवऱ्यासमोर काढलं नाही.

गेल्या मे महिन्यात त्या गेल्या. नंतर सुनेला, सोनलला, त्यांच्या फोनमध्ये ते गाणं पूर्ण सापडलं. ओट्याशी उभं राहून गायलेलं, जेमतेम तीन मिनिटांचं. नीळकंठरावांनी ते ऐकलं आणि मग रोज ऐकू लागले. त्यांना एकच गोष्ट कळायला हवी होती, गाणं चांगलं होतं की नाही. जॉब पुरता न बघता नापास करण्याची चूक त्यांनी कारखान्यात कधी केली नव्हती. केली ती घरी केली. आता स्वतःच्या मतावर भरवसा राहिला नव्हता, कारण गाणं ऐकताना त्यांना रडू येत होतं, आणि रडणाऱ्या माणसाने तपासणी करू नये.

मुलाला, गौरांगला, विचारलं तर तो म्हणाला, आईचं आहे, चांगलंच असणार. ही काही तपासणी नव्हे.

अशात त्यांना मोबाइलवर जाहिरात दिसली. गीतगगन अखिल भारतीय नवगीत स्पर्धा. प्रवेश फी भरा, देशातले नामवंत परीक्षक तुमचं गाणं ऐकतील. गौरांग म्हणाला, बाबा, हे सगळे चूना लगाने वाले आहेत, स्पर्धेच्या नावावर फी गोळा करतात. नीळकंठराव म्हणाले, प्रयोगशाळाही चाचणीची फी घेते. फॉर्म त्यांनी स्वतः भरला. गीतकार, कमलिनी खानझोडे. अनुभवाच्या रकान्यात काय लिहावं हे सुचेना, तेव्हा त्यांनी “स्वयंपाक, अडतीस वर्षं” असं लिहिलं.

दहा दिवसांनी मेल आला. अभिनंदन, आपलं गीत उपांत्य फेरीत पोचलं आहे. परीक्षकांचा लेखी अभिप्राय हवा असल्यास वेगळी फी. नीळकंठरावांना लेखीच हवं होतं. ती फी भरली आणि अभिप्राय आला: “रचना भावस्पर्शी. गायनाचा ओघ आरंभापासून अंतापर्यंत अखंड. मेहनत घेतल्यास भविष्य उज्ज्वल.”

भविष्यापाशी ते जरा अडखळले, पण परीक्षकांना कुठून माहीत असणार, म्हणून सोडून दिलं. दिवसभर खुशीत होते. संध्याकाळी सवयीप्रमाणे कागद हातात धरून त्यांनी जॉब पुन्हा तपासायला घेतला. एक मिनिट दहा सेकंदांवर कमलिनीबाई गाणं थांबवतात आणि खणखणीत आवाजात म्हणतात, “अहो, टाकी वाहतेय, मोटर बंद करा.” मग चार सेकंद शांतता. मग गाणं पुढे.

नीळकंठरावांनी “अखंड” या शब्दाखाली लाल रेघ मारली.

कारखान्यात एक पद्धत होती. एखादा तपासनीस डोळे मिटून सह्या करतो असा संशय आला की वरिष्ठ मंडळी त्याच्या लॉटमध्ये ठाऊक असलेला एक खराब तुकडा हळूच सरकवत. त्याने तो पकडला तर माणूस जागा आहे. नीळकंठराव स्वयंपाकघरात गेले. सोनल मिक्सरमध्ये दाण्याची चटणी वाटत होती. त्यांनी तिला बोलू नको अशी खूण केली, फोन मिक्सरजवळ धरला आणि चटणी होईपर्यंत धरून ठेवला. गीताचं नाव “साधना”. गीतकार, सोनल खानझोडे. तिला विचारायचं राहिलं.

दोन आठवड्यांनी सोनलला मेल आला. प्रिय सोनलजी, “साधना” थेट अंतिम फेरीत. या वेळी अभिप्रायाची फी आधीच भरलेली होती, त्यामुळे तोही सोबत होता: “शब्दांत खोली आहे. स्वर किंचित कर्कश, पण प्रामाणिक.”

गौरांग सोफ्यावर पडून हसला. “बाबा, आईपेक्षा मिक्सर पुढे गेला,” तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. तो उठून आत गेला.

नीळकंठरावांनी स्पर्धेच्या ऑफिसात फोन लावला. एक गोड आवाजाची मुलगी बोलली. त्यांनी विचारलं की आजवर नापास कोण झालं, त्यांच्या कारणांचे कागद बघायला मिळतील का.

“सर, हमारे यहाँ किसी को रिजेक्ट नहीं करते,” ती म्हणाली. “सब टैलेंटेड हैं.”

मग गाण्याचं नाव गीतकाराचं समजून तिने साधनाजींसाठी बक्षीस समारंभात किती खुर्च्या राखायच्या ते विचारलं. खुर्चीचे पैसे वेगळे होते. नीळकंठरावांनी फोन ठेवला. चौतीस वर्षांत इतका अपमान त्यांचा कोणी केला नव्हता. सगळंच पास, तर कमलिनी पास झाली याला काय अर्थ?

गौरांग बाहेर येऊन म्हणाला, मी आधीच सांगितलं होतं, पैसे गेले. नीळकंठराव म्हणाले, “पैशाचं सोड. माझं उत्तर मिळालं नाही.”

सोनलला वाईट वाटलं. ती म्हणाली, जवाहर चौकात स्टेशनरीच्या दुकानावर उषाताई राहतात, गाणं शिकवतात. लहानपणी मी तीन महिने जात होते. मग त्यांनी माझ्या आईला बोलावून सांगितलं, मुलीचा हात रांगोळीला चांगला आहे.

“म्हणजे नापास करतात?”

“सगळ्यांना, बाबा.”

“कारण सांगतात?”

“चारचौघांत.”

नीळकंठरावांनी चपला घातल्या.

उषाताई सत्तरीच्या, बारीक, चष्मा नाकाच्या टोकावर. कोणाचं गाणं, का आणलं, काही विचारलं नाही. फोन कानाशी धरून गाणं एकदा ऐकलं, परत लावलं, मग तिसऱ्यांदा. मोटरपाशी तिन्ही वेळा त्यांनी भुवया वर केल्या. नीळकंठरावांना तेवढ्यानेच धीर आला. बाई ऐकत होती.

“पहिली ओळ साधारण आहे,” उषाताई म्हणाल्या. “अशा ढिगाने असतात. दुसरी फार चांगली.”

“दुसरी ढिली नाही वाटत?”

“ढिली कोण म्हणालं?”

“मी.”

“तुम्हाला कळत नाही,” उषाताई म्हणाल्या. “तिथे सूर मुद्दाम खाली सोडलाय. त्याशिवाय तिसऱ्या ओळीत वर जाता येणार नाही. शिकलेल्या बायका असं करायला घाबरतात. ही घाबरलेली नाही. शेवट मात्र घाईत उरकलाय, तो नापास. त्यांना पाठवा माझ्याकडे, आठ दिवसांत बसवून देते.”

नीळकंठराव मान खाली घालून बसले. आपण चुकलो होतो हे ऐकून त्यांना फार बरं वाटत होतं.

“ती नाही आता,” ते म्हणाले. “मे महिन्यात गेली.”

उषाताईंनी फोन परत दिला. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग हार्मोनियम पुढे ओढली.

“मग तुम्ही बसा,” त्या म्हणाल्या. “शेवट असा सोडता येणार नाही. कोणीतरी बसवायला हवा.”

नीळकंठरावांनी सांगून पाहिलं की घरात आरतीलाही त्यांना फक्त टाळ्या वाजवायला सांगतात. उषाताईंनी ते मनावर घेतलं नाही. पट्टी दाबून म्हणाल्या, “सा लावा.”

त्यांनी लावला. तो खाली गेला. पुन्हा लावला, तो नाकातून आला. तिसरा नुसताच मोठा होता. खिडकीशी वह्या घेऊन बसलेल्या दोन मुली एकमेकींकडे बघू लागल्या. उषाताई प्रत्येक वेळी पट्टीवरून हात काढत आणि काय चुकलं ते त्या मुलींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगत. नीळकंठराव लक्ष देऊन ऐकत, मान हलवत आणि पुन्हा तोंड उघडत.

अकराव्या सा नंतर उषाताईंनी हार्मोनियम मिटली.

“गुरुवारी या,” त्या म्हणाल्या. “आणि येताना घसा साफ करून या.”