आडवी एकशे अठ्ठ्याण्णव

चारशे बारा.

"छान. मुद्दे चांगले. अक्षर सुंदर."

पाचवं शील, संध्याकाळी साडेसहाला, विहारात, डोळे मिटून: नशा आणणाऱ्या कोणत्याही पदार्थापासून दूर राहीन.

पोलादपूर स्टँडवरची सव्वासहाची गाडी, जी आली नाही.

१९८५ सालापर्यंत आपल्या देशात गांजाची सरकारमान्य दुकानं होती.

मतपत्रिकेवर दोन चित्रं. एक बाटली उभी, एक आडवी.

"तुझ्या बापाने दोन दिवस बोलणं टाकलं होतं माझ्याशी."

*

सुरुवात झाली ती निशा मॅडमच्या तासाला, महाडच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात. खालच्या मजल्यावर पुराच्या पाण्याची रेघ अजून भिंतीला आहे, म्हणून मॅडम वर्ग वरच घेतात.

जिल्ह्याच्या निबंध स्पर्धेला वर्गातून एकच निबंध जाणार होता. प्रकार: मत पटवून देणारा. पंचवीस जणांतून दोन उरले. एक प्रियदर्शिनीचा, पोलादपूरच्या बाजूला संध्याकाळच्या एसटीच्या फेऱ्या वाढवाव्यात, असा. दुसरा हर्षदचा. नाव: गांजा कायदेशीर करा. सुरुवातच १९८५ पर्यंतच्या सरकारमान्य दुकानांपासून.

"आता हे दोन निबंध मी वाचणार नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही एकमेकांचे वाचायचे. अभिप्राय लिहायचा. ज्याचा निबंध अभिप्रायानंतर जास्त सुधारेल, तो जाईल."

मागच्या बाकावरून तेजश्री कुजबुजली, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या हळू, "पियाला गांजा, हर्ष्याला एसटी. दोघंही हवेत."

मॅडमचा अभिप्रायाचा कागद ठरलेला होता. तीन चौकटी. पहिलीत निबंधाचं म्हणणं आपल्या शब्दांत लिहायचं, आणि ते लेखकाला दाखवायचं. लेखकाने वाचून खाली 'होय' लिहून सही केली तरच दुसऱ्या चौकटीला हात लावायचा. दुसरी चौकट: कुठे अडलात, आणि का. तिसरी: पाठवावा की नाही.

हर्षदने दहा मिनिटांत अभिप्राय लिहून दिला. छान. मुद्दे चांगले. अक्षर सुंदर.

"हे लग्नपत्रिकेचं परीक्षण आहे का रे?" मॅडम म्हणाल्या आणि कागद परत त्याच्या हातात ठेवला.

*

पहिली चौकट, पहिला प्रयत्न, प्रियदर्शिनीच्या अक्षरात:

लेखकाच्या मते सर्वांनी गांजा ओढावा म्हणजे सरकारला कर मिळेल.

"हे मी कुठं म्हटलंय?" हर्षद म्हणाला. त्याने पेनाचं टोपणही काढलं नाही.

"अर्थ तोच होतो."

"नाही होत. 'होय' देणार नाही मी."

दुसरा प्रयत्न:

लेखकाच्या मते बंदी असूनही गांजा मिळतोच, म्हणून बंदी उठवावी.

"अर्धं झालं. बाकीचं अर्धं वाच गो बाई, चौथं पान."

चौथं पान तिने एकदाच, घाईत, नाक मुरडत वाचलं होतं. ती निबंध परत घरी घेऊन गेली. तिथे एक परिच्छेद होता, सगळ्या निबंधात तेवढाच सरळ लिहिलेला. एक मुलगा. गिरणीत नव्हे, मॉलमध्ये कामाला. खिशात बोटभर पुडी. पकडला गेला, सुटला, पण नोकरी गेली ती गेली, आणि ठरलेलं लग्नही मोडलं. पुडी विकणारा मात्र त्याच नाक्यावर उभा. हा मुलगा कोण ते लिहिलं नव्हतं. हर्षदचा मावसभाऊ, हे अख्ख्या वर्गाला माहीत होतं.

तिसरा प्रयत्न तिने तीनदा खोडून लिहिला:

लेखकाचं म्हणणं असं की आजच्या कायद्यात शिक्षा ओढणाऱ्याला होते आणि धंदा विकणाऱ्याचा चालू राहतो. सरकारने विक्री स्वतःच्या ताब्यात घेतली तर भेसळ थांबेल, वय विचारलं जाईल आणि बोटभर पुडीसाठी कुणाचं आयुष्य वाया जाणार नाही.

हर्षद वाचत राहिला. मग म्हणाला, "माझ्यापेक्षा बरं लिहिलंयस," आणि खाली लिहिलं: होय.

त्या रात्री जेवताना ती हे सगळं घरी सांगत होती. इतकं नीट सांगत होती की तिचे वडील दत्ताराम, पंचायत समितीतले कारकून, हातातला घास तसाच धरून बघत राहिले.

"पिया, तू विहारात येतेस ना अजून?"

"बाबा, हे माझं मत नाही. त्याचं आहे."

"मग एवढं पटवून का सांगतेयस?"

तिला हसू आलं. आणि, का कोण जाणे, थोडा अभिमानही वाटला.

*

दुसरी चौकट. कुठे अडलात, आणि का.

ती दुसऱ्या पानावर अडली. वाक्य असं होतं:

'२०१७ साली आमच्या गावात देशी दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावर फक्त बायकांचं मतदान झालं. आडवी बाटली म्हणजे बंद, उभी म्हणजे चालू. बायकांनीच बंदी नाकारली. बंदी लोकांना नको असते याचा याहून मोठा पुरावा कोणता?'

हर्षदचं गाव कापड्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. त्याच गावच्या बौद्धवाडीत प्रियदर्शिनीची आत्या राहते. येसूबाई. अंगणवाडीत मदतनीस. ते मतदान घडवून आणलं ते तिनेच. सह्या गोळा करत घरोघर हिंडली, तहसीलला आठ खेटे घातले, आणि शेवटी हरली. त्यानंतर गावातले काही बाप्ये तिला 'आडवी येसू' म्हणू लागले. ती पाण्याला निघाली की पारावरून आवाज यायचा, "बाजूला व्हा रे, बाटली आडवी होईल."

म्हणजे वाक्य खरंच होतं. बायकांनी नाकारली. प्रियदर्शिनीने लहानपणापासून हेच ऐकलं होतं. आत्याकडे गेलं की तो विषय काढायचा नाही, हे घरातलं न सांगता ठरलेलं.

वाक्य खरं असेल तर अडायचं कारण नाही. पेन हातात घेऊन ती बसून राहिली. नुसतं 'आवडलं नाही' चालणार नव्हतं. 'का' लिहावं लागणार होतं. आणि हे वाक्य असंच जिल्ह्याला गेलं तर आत्याचं हरणं अलिबागला, चार परीक्षकांसमोर, पुरावा म्हणून मांडलं जाणार होतं. एरवी ते निदान गावातच होतं.

रविवारी सकाळी ती पोलादपूरच्या गाडीत बसली.

*

येसूबाई ओटीवर कुळीथ पाखडत होती.

"जय भीम आत्या."

"जय भीम. अगो, आज कशी वाट चुकलीस?"

प्रियदर्शिनीने निबंधातलं वाक्य वाचून दाखवलं. वाचताना तिचे कान गरम झाले. येसूबाईने सूप खाली ठेवलं.

"ठमाबाईच्या पोराने लिवलंय ह्ये?"

"हो. हर्षदने."

"नाकारली म्हनतो?"

"सगळे तसंच म्हणतात ना आत्या. हरलो आपण."

येसूबाई आत गेली. पत्र्याच्या पेटीतून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली, तिच्यातून घडी घातलेला कागद. निकालाची नक्कल. शिक्का फिका झाला होता.

"मला सगळं वाचता येत नाय. आकडे येतात. तू वाच मोठ्यानं."

एकूण महिला मतदार: चारशे बारा.
झालेलं मतदान: दोनशे एकतीस.
आडवी बाटली: एकशे अठ्ठ्याण्णव.
उभी बाटली: सत्तावीस.
बाद: सहा.

प्रियदर्शिनीने परत वाचलं. मग परत.

"आत्या, हे तर... एकशे अठ्ठ्याण्णव विरुद्ध सत्तावीस?"

"मंग?"

"मग हरलो कसे?"

"यादीतल्या निम्म्याहून जास्ती बाया आडव्या बाटलीवर पायजेत, असा नियम हाय. म्हंजे दोनशे सात. आपल्याला नऊ कमी पडल्या." तिने बोटं दाखवली. "यादीत नाव इथं, चूल नालासोपाऱ्यात, अशा किती! त्या आल्या नायत, म्हंजे त्या दुकानाच्या बाजूच्या. सोनाबाई तर दोन वर्सं आधीच वारलेली. नाव कापलं नव्हतं. तीबी दुकानाच्या बाजूची!"

आणि येसूबाई खो खो हसली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला, तो हसण्यामुळेच.

"तू कधी सांगितलं नाहीस."

"कुनी इचारलं? समदे यायचे आनि म्हनायचे, झालं ते झालं, वाईट वाटून घेऊ नको. वाईट कशाला वाटंल गो? एकशे अठ्ठ्याण्णव बाया हातातली कामं टाकून उन्हात उभ्या राहिल्या. वरल्या आळीच्या, खालच्या आळीच्या, आपल्या वाडीच्या, एका रांगेत. आनि त्या पोराला सांग, पुढं कोन होती ते आपल्या आयशीला इचार म्हनावं."

*

परतीची सव्वासहाची गाडी आली नाही. प्रियदर्शिनी पोलादपूर स्टँडवर उभी राहून दुसरी चौकट मनात लिहीत होती.

तिला कळत होतं की एक सोपा रस्ताही आहे. काहीच न लिहिणं. अलिबागचा एखादा परीक्षक हा नियम जाणत असणारच. हर्षदचा पुरावा तिथे उताणा पडेल. किंवा फक्त 'आकडे चुकीचे' एवढं लिहून मोकळं व्हायचं. तो वाक्य काढून टाकेल, निबंध लंगडा होईल, आणि एसटीचा निबंध जिल्ह्याला जाईल. एसटीच्या निबंधाला इथे उभं राहून नवीन मुद्देही सुचत होते.

पण मग ते एकशे अठ्ठ्याण्णव परत पत्र्याच्या पेटीत गेले असते.

दुसरी चौकट, एकदाही न खोडता:

१. दुसऱ्या पानावरचा पुरावा तुझ्या विरुद्ध जातो. आकडे सोबत जोडले आहेत. बायकांनी बंदी नाकारली नाही, मागितली.
२. तो काढू नकोस. तुझ्या मताला याहून अवघड प्रश्न मिळणार नाही. त्याला उत्तर दे. दिलंस तर निबंध उभा राहील.
३. चौथ्या पानावरचा मुलगा पहिल्या पानावर आण. तुझं खरं कारण तोच आहे. त्याला लपवू नकोस.
४. हे अभिप्रायात बसत नाही, पण आईला विचार.

*

हर्षदने सोमवारी कागद वाचला, दप्तरात घातला आणि निघून गेला. मंगळवारी आला नाही. बुधवारी कँटीनमध्ये तिच्यासमोर येऊन बसला. वडापाव मागवला आणि खाल्ला नाही.

"आई पहिली होती," तो म्हणाला. "रांगेत. पहिलं मत तिचं."

"मला आत्या तेवढंच बोलली, की विचार."

"मी विचारलं तर भाकरी थापायची थांबली. म्हणाली, 'तुला कोणी सांगितलं?' मी म्हटलं, 'मी लिहिलंय की बायकांनी नाकारली.' तर म्हणाली..." पुढचं तो आईच्या आवाजातच बोलला, "'मला न विचारता माझं मत लिवलंस व्हय रे? तुझ्या बापाने दोन दिवस बोलणं टाकलं होतं माझ्याशी. दोन दिवस! तरी मी सांगत होते, आडवीच.'"

"रागावली?"

"नाही ना. तेच तर. ताठ बसून सांगत होती. मी तिला असं बोलताना पाहिलंच नव्हतं कधी."

"मग आता मत बदललंस?"

"गांजाचं? नाही." त्याने वडापाव तिच्याकडे सरकवला. "पण उत्तर सापडलंय."

पाठोपाठ त्याने दप्तरातून तिच्या एसटीच्या निबंधावरचा नवा अभिप्राय काढला. तीन पानं होती. पहिलंच वाक्य: तू प्रवाशांबद्दल लिहिलंयस, पण एकाही प्रवाशाला बोलू दिलं नाहीस. तिला ते झोंबलं, आणि बरोबर होतं.

*

नव्या निबंधात मुलगा पहिल्या पानावर होता, मावसभाऊ असं स्पष्ट लिहून. मधल्या पानावर आकडे होते, सगळे, सोनाबाईसकट. आणि खाली:

'माझ्या आईने आणि आणखी एकशे सत्त्याण्णव बायकांनी दुकान नको म्हटलं, तरी दुकान राहिलं. मग आणखी एका नशेचं दुकान उघडा, असं मी कोणत्या तोंडाने म्हणतो? एकाच अटीवर म्हणतो. आधी नियम बदला. जी हजर आहे तिचं मत मोजा. जी गैरहजर आहे तिचं मत दुकानदाराच्या खात्यात टाकू नका. दुकान कुठे नसावं हे ठरवण्याचा हक्क आधी, परवाना नंतर.'

तिसरी चौकट प्रियदर्शिनीने वर्गातच भरली: मला पटलं नाही. पाठवावा.

मॅडमनी दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचले. हर्षदचा निवडला. मग हर्षदला उभं करून अख्खा निबंध वाचायला लावला. 'आडवी, एकशे अठ्ठ्याण्णव' हे त्याने जरा जास्तच मोठ्याने वाचलं. तेजश्रीलाही कोपरखळी सुचली नाही.

प्रियदर्शिनी हरली होती आणि तिची मान ताठ होती. तास संपल्यावर तिने आत्याला फोन लावला.

"अलिबागला जाणार तुझा कागद."

"कंचा? माझा?"

"आकडे तुझे. लिहिलंय हर्षदने."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. येसूबाई म्हणाली, "गांजाचं मातुर त्याला सांग, चूक हाय ते."

"सांगितलंय. तिसऱ्या चौकटीत."

*

२०१७ च्या त्या मतदानाच्या दिवशी, निकाल लागायच्या आधी, दुपारी दोनच्या सुमारास हर्षदची आई ठमाबाई पहिल्यांदाच बौद्धवाडीत आली आणि येसूबाईच्या ओटीवर बसून चहा प्यायली.