आडवी डहाळी

मी पायवाट बोलतेय, आणि घाबरत बोलतेय. वाटेला कसली भीती, असं तुम्ही म्हणाल. पण जिच्या अंगावरून माणसंही जातात आणि जनावरंही, तिला दोघांची पावलं एकाच वेळी कळतात. माझं भय तिथूनच सुरू झालं.

मला कुणी खोदलं नाही, मोजलं नाही. चिमूरकडच्या जंगलात खैरटोला नावाचं लहानसं गाव आहे. तिथली गुरं आधी बोडीवर, म्हणजे गावतळ्यावर, पाण्याला जायची. गुरांमागून गुराखी आले, गुराख्यांमागून सरपणाच्या बायका. गवत दबत गेलं, माती कडक झाली आणि एक दिवस मी झाले. धानाच्या बांध्यांमधून निघायचं, बोडीच्या काठच्या जांभळीखालून जायचं, पुढे सागाचं रान, मग नाला, नाल्यापलीकडे मोहाची मोठी झाडं, आणि शेवटी बांबू. बोडीच्या थोडं पुढे मला एक फाटा फुटतो. तो पाळीवरून, म्हणजे बोडीच्या बांधावरून, वळून शेजारच्या टोल्याच्या वस्तीला जातो.

माणसांची पावलं मी ओळखते. गिरजाबाई डाव्या पायावर जोर देते. मुखरू गुराखी काठी टेकतो, पण काठीवर भार देत नाही, नुसती ऐट. मनकर्णा नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिचं पाऊल माझ्यावर जपून पडायचं. पुढे तिचा नवरा श्रावण, गिरजाबाईचा एकुलता एक. तो तिला रान समजावून देत होता.

"वाटेवर ताजी डहाळी आडवी पडून दिसली, बुडावर दगड ठेवला असंन, तं समजायचं पुढं जनावर हाय. मांगच्याले सांगासाठी ठेवते मानूस. तिच्यावरून पाय नाई टाकायचा."

"अन् तुमीच आडवे पडून दिसले तं?" मनकर्णा म्हणाली.

श्रावण इतका हसला की जांभळीवरचे बगळे उडाले. "तं मंग वापस फिरजो!"

जंगलात वाघाचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात. त्र्याऐंशीच्या चैत्रात श्रावण पहाटे मोहफुलं वेचायला गेला. खाली वाकून वेचणारा माणूस जनावराला माणूस वाटत नाही म्हणतात. त्याला ओढत आणलं ते माझ्यावरूनच, फाट्यापर्यंत. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. ती ओल माझ्यात किती दिवस होती ते मला माहीत आहे, एवढंच.

जिथे तो सापडला तिथे लोकांनी एक दगड ठेवला. आमच्याकडची रीत आहे. जनावरानं नेलेल्या माणसाच्या जागेवरून जाताना प्रत्येकानं एक दगड नाहीतर एक डहाळी टाकायची. त्याला ओलांडून, विसरून जायचं नाही. पाहता पाहता ढीग झाला. परक्या गावचे लोकही थांबायचे. गिरजाबाई तर रोज काहीतरी टाकायची, कपाळाला लावून, "घे रे बाबू" म्हणून.

मनकर्णानं मात्र कधी काही टाकलं नाही. ढीग आला की ती मान दुसरीकडे फिरवायची आणि खाली बघत, माझ्या मातीकडे बघत, पुढे व्हायची. बायका कुजबुजायच्या. "कसी वं हे, नवऱ्याले एक पान नाई देत!" एकदा त्यांतल्या सुगंधाबाईनं तोंडावर विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी टाकलं म्हंजे तो तिथी हाय, असं होते."

श्रावण गेल्यावर दोन वर्षांनी, पुन्हा मोहाचे दिवस. उजाडायच्या आधीच नाल्याकडून माझ्यावर एक पाऊल टेकलं. माणसाची टाच लागते, बैलाचा खूर रुततो. हे पाऊल नुसतं टेकलं, जणू कुणी कापसाची गादी ठेवून उचलली. मग दुसरं. मला ते ओळखीचं होतं. मोहाखालून ते बांबूत शिरलं आणि तिथेच बसलं.

इकडून मुखरू हरवलेला बैल शोधत आला होता. नाल्याच्या ओल्या वाळूत त्यानं पंजा पाहिला. त्याची काठी माझ्यावर प्रथमच खरीखुरी टेकली. तो हलक्या पावलानं मागे आला, जांभळीची एक पालेदार डहाळी मोडली, फाट्यावर, ढिगापासून चार पावलांवर, माझ्या अंगावर आडवी टाकली आणि बुडावर दगड ठेवला. "मांगून बाया येतीन," असं पुटपुटला आणि टोल्यावरच्या लोकांना सांगायला पाळीवरून धावत गेला.

मला हायसं वाटलं. एवढ्यात गावाकडून पावलं लागली. पुढे गिरजाबाई, मागे मनकर्णा.

"तुही चुंबळ हाय का म्हशीचं शेपूट? दर घडी सुटते!" गिरजाबाई मागे न बघताच ओरडली.

"व्हा तुमी पुढं, आत्याबाई. आलीच मी." मनकर्णा डोक्यावरची कापडाची चुंबळ पुन्हा वळायला बसली.

गिरजाबाई फाट्यावर आली. उजेड अजून धड नव्हता, आणि तिच्या डोळ्यांना ढिगाशिवाय तिथे दुसरं काही दिसतच नसे. वाटेत डहाळी पडलेली पाहून ती कळवळली. "अगा माय! कोनाच्या ढोरानं ओढली? लोकाईचे पाय लागतीन ना माह्या बाबूच्या डहाळीले!" तिनं ती ओढली. दगड बाजूला कलंडला. डहाळी कपाळाला लावून तिनं ढिगावर ठेवली. "घे रे बाबू." आणि ती पुढे गेली.

मी काय करणार होते? मला तोंड नाही. आत्ता बोलतेय ते तुम्ही ऐकताय म्हणून. माझ्या एका टोकाला ते पाऊल बांबूत दबून बसलेलं, दुसऱ्या बाजूनं म्हातारीचा डावा पाय एकेक जोर देत त्याच्याकडे चाललेला. मला आकसता येत नाही, गुंडाळून घेता येत नाही. माझ्या हातात एकच गोष्ट होती, अंगावर उमटलेलं धरून ठेवणं. ते मी धरून ठेवलं.

मनकर्णा आली. ढिगाशी तिनं नेहमीसारखी मान फिरवली आणि खाली पाहिलं. वाटेच्या मधोमध कलंडलेला दगड. त्याखाली चिरडलेलं जांभळीचं एक ओलं पान. मातीत पालवी ओढल्याची रेघ, ढिगाकडे गेलेली.

ती थांबली. तिचे दोन्ही तळवे माझ्यावर गार पडले.

गिरजाबाई नाला ओलांडून मोहाखाली पोचली होती. मनकर्णा धावली नाही. धावणाऱ्याची पाठ जनावराला आवडते, हेही श्रावणनंच सांगितलेलं. ती ताठ चालत राहिली, दगडाच्या पुढे, आणि मोठ्यानं बोलत राहिली.

"ओ आत्याबाई! वाकू नोका! उभ्याच राहा!"

"काऊन बोंबलून राह्यली वं? मोहा का आयकून राह्यला तुहं?"

"जनावर हाय! मांगं मांगं या. पाठ नोका फिरवू."

म्हातारी वाकता वाकता उभी राहिली. बांबूत ते पाऊल उठलं. माझ्यावर आलं. एक. दोन. मनकर्णानं हातातला ॲल्युमिनियमचा डबा दगडानं बडवायला सुरुवात केली. ठण ठण ठण, आणि तोंडानं शिव्या. असल्या शिव्या तिच्या तोंडून मी कधी ऐकल्या नव्हत्या. म्हातारी पावलापावलानं मागे येत होती. तिसरं पाऊल माझ्यावर टेकलं, थांबलं... मग बाजूच्या पाल्यात उतरलं आणि नाल्यानाल्यानं दूर गेलं.

दोघी फाट्यावर आल्या. तिथे गिरजाबाई मटकन खाली बसली. "मीनंच उचलली वं ते. मले वाटलं, त्याची हाय."

"त्याचीच व्हती," मनकर्णा म्हणाली.

तेवढ्यात गावाकडून हसण्याखिदळण्याचा आवाज आला. सुगंधाबाई आणि बाकीच्या बायका निघाल्या होत्या. मागच्यांच्या मागेही कुणी येणार होतं, दिवसभर. जनावर परतणार नाही असं कोण सांगणार? गिरजाबाईनं ढिगाकडे हात नेला आणि मागे घेतला. "नाई वं. मेलेल्याले देल्लं ते कसं काढाव?"

मनकर्णा उठली. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती ढिगासमोर उभी राहिली, त्याच्याकडे बघत. मग वाकली.

"तुमची एक डहाळी नेऊन राह्यली," ती हळूच म्हणाली. "मांगून बाया येऊन राह्यल्या."

तिनं ती माझ्यावर आडवी ठेवली. तोच दगड उचलून बुडावर ठेवला, पक्का दाबून. ढिगावरची जागा मोकळी दिसली तेव्हा क्षणभर घुटमळली, डोक्यावरची चुंबळ काढली आणि तिथे ठेवली.

आता ऐंशीचं दशक सरत आलं. पलीकडून मुरमाची सडक झाली, तिच्यावर एस.टी. थांबते. माझ्यावर पावलं कमी पडतात, कडेचं गवत आत सरकतंय. गिरजाबाईचा डावा पाय तर कधीचाच लागत नाही. ढीग मात्र वाढतो आहे. मनकर्णा येते तेव्हा थांबते. पहाटे अजूनही कधी ती गादीसारखी पावलं माझ्यावर टेकतात, आणि मी सगळी आक्रसल्यासारखी होते, होता येत नसूनही.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. कधी या बाजूला चालत आलात तर ढिगावर एक डहाळी टाका, हातानं मोडलेली. पण वाटेत आडवी पडलेली दिसली, तर कितीही हळहळ वाटली तरी उचलू नका. मागे फिरा. ती ठेवताना तुमच्यासाठी कुणीतरी फार घाबरलेलं होतं.