पाणी प्यायला वाकलेला डोंगर

चित्रकार बाई कागद भिजवायला बसल्या की घरात कुणाला मोठ्यानं शिंकायचीही सोय नसे. जाड कागद फळीवर चिकटपट्टीनं ताणायचा, रुंद कुंचल्यानं त्यावर पाणी फिरवायचं, त्या ओलाव्यात निळा, शेवाळी, तपकिरी रंग थेंबाथेंबानं सोडायचा आणि हात मागे घ्यायचा. रंग आपापल्या वाटेनं पसरत जात. बाई म्हणत, "पहिला हात देवाचा. त्याचं होईपर्यंत आपण लुडबुड करायची नाही."

दुसरा हात नवऱ्याचा. ते शिंपी. कुंचला जन्मात धरला नव्हता, पण नजर कात्रीसारखी. शिवण सोडून गळ्यातल्या टेपसकट यायचे, मान वाकडी करून त्या डागांकडे बघायचे आणि सांगायचे, "हे काय, झाडावर झोपलेलं कासव!" बाई आधी कडाकडा भांडायच्या, "कासव झाडावर कशाला चढेल हो?" आणि मग तेच काढायच्या. त्यांच्या जंगलात माशांना पानं फुटायची, ढग घरट्यात अंडी घालायचे. लोक ती चित्रं हौसेनं घरी न्यायचे.

पण मोठ्या आजारातून उठल्यापासून शिंपीबुवा गप्प झाले होते. वाचा शाबूत आहे, असं डॉक्टर सांगत. पण माणूस तोंड उघडेल तर शपथ! खिडकीपाशी बसायचे, दिलेलं खायचे. बाई रोज ओला कागद त्यांच्यासमोर धरत. ते बघत आणि नजर वळवत.

"उशी देऊ का? त्रास नाही ना होत?" बाई हळूच विचारत.

लेक वैतागली. "आई, बाबांना पाहुण्यासारखं काय वागवतेस? अशानं तेही पाहुण्यासारखेच बसणार."

"गप गं. जपायला नको का त्यांना?"

त्या सकाळी मात्र बाईंचा धीर सुटला. रंग पसरले, त्यात त्यांना बगळा दिसला; शहाण्यासारखा एका पायावर उभा. चला, आपलं आपण बघू, म्हणून त्यांनी बारीक कुंचल्यानं वरच्या कोपऱ्यात चोच काढली.

मागे खुर्ची करकरली. शिंपीबुवा भिंत धरत धरत टेबलाशी आले आणि बाईंना काही कळायच्या आत त्यांनी फळी गर्रकन फिरवली. वरची बाजू खाली आली, निळ्याचे ओघळ भलतीकडेच धावले.

"अहो, ओलं आहे ते! अक्कल गहाण टाकलीत का?"

बाईंनी जीभ चावली. आजारानंतर पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता. लेक दारातच थबकली.

शिंपीबुवांचे ओठ हलले. "बगळा," ते खरखरत म्हणाले, "कुणीही काढेल."

"मग काय आहे ते? सांगा की, महापंडित!"

मान जरा वाकडी झाली. "डोंगर. पाणी प्यायला वाकलाय."

"डोंगर कधी पाणी प्यायला..." बाईंनी पदरानं डोळे टिपले, पण भांडण काही सोडलं नाही. "आणि ही माझी चोच? ती आता पुसली जायची नाही. तिचं काय करू?"

शिंपीबुवांनी खुर्ची टेबलाशी ओढली आणि ऐसपैस बसले.

"ती त्याची जीभ," ते म्हणाले.