टॉर्चमधली स्प्रिंग आणि ताईचे डोळे

ताईचं पत्र मी दोनदा वाचलं आणि शब्दकोशात दडवून ठेवलं. उत्तर काही दिलं नाही. पत्र चार ओळींचं होतं. 'तू पाठवलंस त्याने हल्ली काही उजेड पडत नाही रे. आधी बरं वाटलं होतं. की माझ्याच डोळ्यांत बिघाड झालाय? खरं काय ते कळव.'

यात न कळण्यासारखं काही नव्हतं. पण ताईला मी एकाच पुडक्यातून दोन वस्तू पाठवल्या होत्या: दिव्यांच्या इतिहासावरचं माझं एकुलतं एक, पदरमोड करून छापलेलं पुस्तक, आणि पुडकं अगदीच पोकळ वाटू नये म्हणून एक टॉर्च. आणि आमच्या घरात 'उजेड पाडणं' हे शब्द कधी सरळ अर्थाने कुणी वापरलेच नाहीत. निकालाच्या दिवशी वडील दारातच विचारायचे, "काय उजेड पाडलात?" तेव्हा मी समजलो ते असं, की ताईने पुस्तक वाचलं, ते तिला भिकार वाटलं, आणि डोळ्यांचं निमित्त करून तिने ते गोड शब्दांत कळवलं. यावर काय उत्तर देणार? तिचं म्हणणं मला पटलंच होतं.

परवा भाची आली. पिशवीतून टॉर्च काढून तिने टेबलावर ठेवला.

"आईने परत पाठवलाय, मामा. तिला आता लागणार नाही."

"का गं?"

"दुकान बंद करतेय. डोळे गेले म्हणते. मशीनच्या आतलं काही दिसत नाही तिला."

ताई शिलाई मशीनं दुरुस्त करते. मशीन आडवं पाडायचं, टॉर्च दातांत धरायचा आणि आत डोकं घालायचं, हे ती लग्नाआधीपासून करत आलीय. तिच्याशिवाय ते दुकान आणि दुकानाशिवाय ती, दोन्ही मला कल्पनेत दिसेनात.

"आणि पुस्तक?" मी चाचरत विचारलं.

"कुठलं पुस्तक? हां, ते! ते कागदातच आहे अजून."

मला वाईट वाटायला हवं होतं, पण एकदम हायसंच वाटलं. लगेच दुसरा विचार आला. मग ताईने विचारलं होतं ते टॉर्चबद्दल. अगदी सरळ विचारलं होतं, आणि मी रुसून बसलो होतो.

जिन्याखालच्या अडगळीत भर दुपारीही अंधार असतो. मी बायकोच्या शिलाई मशीनची बॉबिनची डबी घेतली आणि भाचीला घेऊन आत शिरलो.

"यावर बारीक आकडा कोरलाय. वाच बघू."

तिने टॉर्च लावला. पिवळट, आजारी उजेड पडला. "तीन... नाही, आठ असेल. छे, नाही दिसत."

"तुझे डोळे?"

"माझे डोळे ठणठणीत आहेत हं, मामा! आणि सेलही कालच चार्ज करून आणलाय."

म्हणजे खोट टॉर्चमध्ये होती. पण नेमकी कुठे? मी मागचं झाकण काढलं आणि सेलच्या बुडापासून टॉर्चच्या उघड्या कडेपर्यंत तांब्याच्या तारेचा एक तुकडा टेकवला. अडगळीत लख्ख पांढरा उजेड पसरला. कोपऱ्यातली तुटकी छत्री, डबे, कोळ्याचं जाळं, सगळं एकाएकी हजर!

"अगं बाई!" भाची ओरडली.

"काय फुटलं?" स्वयंपाकघरातून बायको.

काही फुटलं नव्हतं. वीज नीट येत होती, पण झाकणातल्या स्प्रिंगशी अडत होती. बारीक पोलादी तार, वेटोळी घेतलेली. तिच्यातून जाताना वीज वाटेतच खर्ची पडायची आणि स्प्रिंग तापायची. तापून तापून ती निळसर पडली होती, बोटाने दाबली तर लुळी लागत होती. मी भाचीला हे समजावत होतो, आणि मनात म्हणत होतो, हे मला खरंच माहीत आहे की नुसतं वाचलंय?

स्प्रिंग काढायची गरज नव्हती. तिने सेल दाबून धरायचा. वीज वाहायचं काम तांब्याने करायचं. टेबललॅम्पच्या जुन्या वायरमधले केसासारखे तांब्याचे धागे मी पिळले, स्प्रिंगचं टोक आणि बूड पॉलिश पेपरने घासलं, आणि दोन्हीकडे डाख द्यायला बसलो. कथील वितळलं की धुराने माझा चष्मा धूसर व्हायचा. पहिल्या खेपेला तार इतकी ताणून बसवली की स्प्रिंग दबेचना आणि झाकण लागेना.

"घरातला एक दिवा मोडून दुसरा बिघडवताय," बायको म्हणाली. पण चष्मा तिनेच पुसून दिला.

दुसऱ्या खेपेला तारेला पोटात थोडा झोल ठेवला. झाकण फिरलं. आम्ही तिघंही अडगळीत शिरलो. बायको म्हणे नुसती छत्री बघायला आली होती.

भाचीने डबी धरली. "आठ. शून्य. पुढे दोन," ती म्हणाली. मग तिने डबी खाली केली. "मामा, म्हणजे आईचे डोळे..."

"डॉक्टरांना दाखवाच. पण या टॉर्चवरून दुकान बंद करायचं नाही, एवढं मी सांगू शकतो."

"मग मीच सांगते ना आज. पत्र कशाला?"

"तिने पत्रात विचारलंय."

टॉर्च तिच्या पिशवीत दिला आणि लिहायला बसलो. चार कागद फाडले. पाचव्यावर एवढंच उरलं: 'ताई, उजेड टॉर्चचाच कमी होता, तुझ्या डोळ्यांचा नाही. स्प्रिंगला तांब्याची जोड दिलीय. बॉबिनच्या डबीवरचे आकडे दिसतात का ते लगेच कळव. पुस्तक कागदातच राहू दे.'

शेवटचं वाक्य खोडावं की ठेवावं, हे भाचीबरोबर कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जाईस्तोवर ठरेना. भाचीने पाकीट माझ्या हातून घेतलं नाही, नुसतं पेटीचं झाकण उचलून धरलं.

मी पत्र आत टाकलं.